अहिररावबाईंची लाल गाडी

अहिररावबाईंना मी पहिल्या दिवशी दवाखान्यात शिरूच दिलं नव्हतं.

साडेचार फूट उंची, पदर कमरेला खोचलेला, साडीखाली धावायचे बूट. स्कूटरच्या हँडलला शेंगदाण्यांची पिशवी आणि मागं दोरीनं आवळलेली भलीथोरली पेटी. मला वाटलं भांडी विकायला आलेली बाई आहे. मी फाटकात आडवा झालो.

"ताई, पेशंटला भेटायची वेळ चार ते सहा."

"मला भेटायचं नाही, झोपवायचंय."

"मग तर बिलकूल नाय."

तेवढ्यात दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून आमचे मोठे डॉक्टर ओरडले, "अहो मामा, भुलीच्या डॉक्टर आहेत त्या! पेशंट टेबलावर आहे!"

तरी मी ओळखपत्र बघितल्याबिगर सोडलं नाही. ते इंग्रजीत होतं. मी शिकलोय चौथी. दोन्ही बाजूंनी नीट बघितलं, फोटो जुळवला आणि "जा" म्हणालो. बाई दोन पायऱ्या चढल्या, वळल्या आणि म्हणाल्या, "मामा, चांगलं केलंत. असंच अडवत जा. फक्त माझा पेशंट निळा पडला असेल त्या दिवशी जरा लवकर अडवून घ्या."

आमचा दवाखाना पंचवटीत, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत. त्याचं नाव लिहीत नाही, लिहायचं कारणही नाही. वीस खाटा, तीन मजले, एक लिफ्ट. दवाखान्यात काम करणारा बाप्या म्हणजे मामा आणि बाई म्हणजे मावशी, खरं नाव कुणी विचारत नाही. मी तिथला सगळ्यात जुना मामा. फाटक, लिफ्ट, स्ट्रेचर, ऑक्सिजनचे सिलिंडर, सगळं माझ्या ताब्यात. मोठे डॉक्टरसुद्धा माझ्यानंतर आले. विचारा त्यांना, नाही म्हणणार नाहीत.

भूल देणारा डॉक्टर एका दवाखान्याचा नसतो. सकाळी इथं, दुपारी तिथं. पेशंटला ऑपरेशन करणाऱ्याचं नाव पाठ असतं, भूल देणाऱ्याचं तोंडही आठवत नाही, कारण तोंड बघेपर्यंत डोळा लागलेला असतो. पण अहिररावबाईंचं तोंड विसरायची सोय नव्हती. त्या सारख्या बोलायच्या. उंची कमी, म्हणून टेबलापाशी त्यांच्यासाठी एक लाकडी पाट ठेवलेला. पाटावर उभ्या राहून पेशंटच्या कानाशी बोलत राहायच्या, शेत किती, लेकी किती, वांग्याच्या भाजीत गूळ घालता का. पेशंट झोपला तरी बोलणं चालूच. मोठे डॉक्टर एकदा म्हणाले, "बाई, तो झोपलाय." बाई म्हणाल्या, "म्हणून तर. जागेपणी लोक मला बोलू देत नाहीत."

त्या मूळच्या सटाण्याकडच्या. एरवी बोलणं शहरातलं, साफ. पण घाईला आल्या की अहिराणी सुटायची. बाईंच्या तोंडून 'आहे'च्या जागी 'शे' ऐकू आलं की अख्खा मजला हातातलं काम टाकून उभा राहायचा.

आणि त्यांचे ते प्रश्न! हात नाहीतर पाय बधिर करायची सुई दिली की सुरू. "तोंडाला चव कशी लागतेय? कानात काही वाजतंय? ओठांना मुंग्या?" मिनिटामिनिटाला. आम्ही बाहेर तोंड दाबून हसायचो. पायाचं ऑपरेशन आणि बाई विचारते जेवण कसं झालं! एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून रिटायर झालेले एक आजोबा होते. त्यांना विचारलं कानात काही वाजतंय का, तर म्हणाले, "बाई, मशीनवर जन्म गेला. कान कधीचेच वाजताहेत."

"जुनं वाजू द्या बाबा," बाई म्हणाल्या. "नवीन काही वाजलं तर तेवढं सांगा."

बाईंना रोगाची भीती नव्हती, औषधाची होती. मला एकदा समजावून सांगितलं होतं. "मामा, रोगानं माणूस दगावला तर रोगाला शिव्या देता येतात. पण चांगला चालत आलेला माणूस आपल्याच सुईनं गेला, तर कुणाकडं बघायचं? चूक नसताना होतं. क्वचित होतं. पण होतं त्या वेळी हातात मोजून मिनिटं असतात." ही एवढीच गोष्ट त्या बाईच्या डोक्यात पिंगा घालायची. तेवढ्यासाठी त्यांनी लाल गाडी केली.

लाल गाडी म्हणजे चार खणांची चाकावरची ट्रॉली, ऑपरेशनच्या खोलीत भिंतीला लावलेली, वर लाल कापड. पहिल्या खणात औषध सोसलं नाही तर द्यायचं इंजेक्शन, दुसऱ्यात श्वासाच्या नळ्या, चौथ्यात सटरफटर. तिसऱ्या खणात नुसत्या दोन बाटल्या, दुधासारखं पांढरंशुभ्र काहीतरी. बधिर करायचं औषध रक्तात जास्त गेलं तर आधी तोंडाची चव बदलते, कान वाजतात आणि मग ते थेट काळजाला धरतं, तेव्हा हे पांढरं द्यायचं. मी विचारलं, दुधानं काय होणार? बाई म्हणाल्या, "दूध नाही, चरबी आहे. हाताला ग्रीस लागलं तर काय करता?" म्हणलं, तेल चोळतो, सुटतं. "बास. तसंच काळजावरचं ओढून घेतं हे." ते मला पटलं. शिकलेल्या लोकांना सांगायला अर्धा तास लागतो म्हणे.

त्या बाटल्यांची मुदत संपायची, बाई नव्या आणायला लावायच्या, त्याही तशाच मुदतबाह्य व्हायच्या. उघडायची पाळी येईना. आमच्यात चेष्टा चालायची की बाई दिवाळीला बासुंदी करणार आहेत.

आता बबनरावाचं सांगतो.

बबनराव म्हणजे एक लोड. गादीवर टेकायला असतो तो. त्याला बाईंनी एक जुना सदरा घातला आणि दर मंगळवारी सकाळी तो आमच्याकडं मरायला टेकायचा. एका मंगळवारी त्याला इंजेक्शन सोसायचं नाही, दुसऱ्या मंगळवारी भुलीनं ताप चढायचा. बाई घड्याळ घेऊन पाटावर उभ्या राहायच्या आणि ओरडायच्या, "बबनराव गेला! पळा!" कांता सिस्टर, आमची सगळ्यात जाणती नर्स, तिनं मिनिटं मोजून जिन्यात आरोळी द्यायची. कुणी गाडी आणायची, कुणी सिलिंडर, कुणी फोन. स्वयंपाकाच्या मावशींना काम नव्हतं, तर त्या दारात बसून "माझा बबन गं!" असा गळा काढायच्या. हसून हसून सिस्टरच्या हातातल्या सुया खाली पडायच्या.

मी साफ सांगितलं, "मी उशीसाठी पळत नसतो."

बाई म्हणाल्या, "बरोबर आहे. मग तुम्ही झोपा टेबलावर."

मी झोपलो. मला काय, बसल्या जागी आराम. बाई ओरडल्या, "मामा गेले! पळा!" आणि जी मजा झाली म्हणता! लिफ्टची किल्ली माझ्या खिशात. सिलिंडरचा पाना कुठं असतो ते फक्त मला ठाऊक. दोघं जण दारात भांडायला लागले की मामांनी पाना कुठं ठेवला असेल. मी उठून सांगायला गेलो तर बाईंनी मला दाबून खाली पाडलं. "मेलेला माणूस बोलत नाही." मी पडलो तिथं, छताकडं बघत. पाना माझ्यापासून दहा पावलांवर, पंख्याच्या बटनांच्या फळीमागं, आणि सगळे धुंडाळतायत तळमजला. कांता सिस्टरनं जिन्यातून चौथ्या मिनिटाची आरोळी दिली. बाई माझ्या कानात म्हणाल्या, "झालं मामा. संपलात तुम्ही."

दुसऱ्या दिवशी पाना भिंतीला टांगला, किल्लीची जोडकिल्ली केली, आणि पुढच्या मंगळवारी बबनरावासाठी सगळ्यात पुढं मी पळालो. बाईंनी सांगितलं म्हणून नाही, मला माझ्या मनानं पटलं म्हणून.

खरी वेळ पहिल्यांदा आली ती बाजारातल्या एका आडदांड टमाटेवाल्यावर. पाठीला गळू, साधं अँटिबायोटिकचं इंजेक्शन. सुई काढली आणि पठ्ठ्या माझ्यासमोर लाल व्हायला लागला. अंगावर गांधी, ओठ सुजले, आवाज बसला. बाई दुसऱ्या कामाला निघालेल्या, स्कूटरला किक मारत होत्या. मी फाटकातून बोंब ठोकली, "बाई, बबनराव! खरा!" बाईंनी स्कूटर तशीच आडवी सोडली. मी गाडी खाली आणेपर्यंत त्यांनी त्या पहिलवानाला जमिनीवर आडवा पाडून पाय खुर्चीवर टाकलेले. पहिल्या खणातलं इंजेक्शन भरलं आणि मांडीत खुपसलं, पँटीवरूनच. थोड्या वेळानं गड्याचा रंग उतरला, श्वास मोकळा झाला, आवाज फुटला. पहिलं वाक्य काय? "नवी पँट होती हो बाई!"

"सोडायला सांगितली असती तर तुम्ही लाजला असता," बाई म्हणाल्या. "लाजेपर्यंत मेला असता."

पुढं तो महिनाभर रोज एक पाटी टमाटे आणून टाकायचा. दवाखान्यात टमाट्याचं सार पिऊन पिऊन पेशंट कंटाळले.

आता जे सांगायचं ते खंडेनवमीचं. त्यात चूक माझी आहे. आधीच लिहून टाकतो, म्हणजे मागनं कुणी सांगायला नको.

खंडेनवमीला आपापल्या हत्यारांची पूजा करायची आमची रीत. दवाखान्यात ती पूजा माझ्याकडं, जुना म्हणून. तळमजल्यावर गणपतीच्या कोनाड्यासमोर मी सगळी हत्यारं मांडायचो, सिलिंडरचा पाना, रक्तदाबाचं यंत्र, मावशींचा झारा, लिफ्टच्या दोन्ही किल्ल्या. त्या वर्षी पंचवटीतलेच एक गुरुजी पेशंट म्हणून आले. होमाच्या समिधेची काडी उजव्या तळहातात घुसलेली, हात पुवानं टम्म, ताप. त्याच दिवशी कापून पू काढणं भाग होतं. बाई खांद्यापाशी सुई देऊन हात बधिर करणार होत्या. नंबर अकराचा. गुरुजी सकाळपासून उपाशी आणि पार वैतागलेले.

"आज नवमी, अकरा घरी बोलावणं, आणि मी इथं हात वर करून बसलोय," ते म्हणाले. शेजारी त्यांच्या बायको बसलेल्या, आमच्या लेखी काकू. त्या म्हणाल्या, "बसा की. जन्मभर दुसऱ्यांना बसवलंत."

मला कणव आली आणि एक विचारही आला. म्हणलं, "गुरुजी, आमची पूजा सांगता का? हात माझे, मंत्र तुमचे."

गुरुजींचं तोंड असं उजळलं की ताप उतरला वाटावं. मांडणी बघून म्हणाले, "यात मुख्य शस्त्र कोणतं?" मी म्हणालो, "लाल गाडी. ती वर असते." "मग ती नको का पूजेत? तिच्याविना ही पूजा म्हणजे नुसती भांडीकुंडी!"

बाईंनी सकाळीच गाडी तपासली होती. रोज तपासायच्या, एकेक खण उघडून. मी म्हणलं पाच मिनिटांचं काम. गाडी लिफ्टनं खाली आणली. झेंडूचा हार, वर नारळ, कलश. गुरुजींनी सांगितलं तसा मी सात फेरे देऊन धागा गुंडाळला आणि गच्च गाठी मारल्या. आणि मग गुरुजी म्हणाले, "आता उद्या उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचं नाही."

इथं मी अडकलो. बाईंना सांगितलं असतं तर बाईंनी मला उभा जाळला असता. गाडी वर नेली असती तर गुरुजींचा शब्द मोडला असता. माझं डोकं चाललं, चाललं म्हणजे काय, नको तिकडं चाललं. मी पट्ट्या-कापसाची दुसरी ट्रॉली नेऊन गाडीच्या जागी लावली आणि तिच्यावर ते लाल कापड टाकलं. अगदी हुबेहूब. मनात म्हणलं, इतकी वर्षं उघडायची पाळी आली नाही त्या बाटल्यांची, आज एका दिवसात काय होतंय? लिफ्टही बंद केली, तिच्या दोन्ही किल्ल्या पूजेत होत्या म्हणून.

अकरा वाजता गुरुजींना घेतलं. मी दाराशी. बाईंनी भिंतीकडं नजर टाकली, लाल कापड दिसलं, पाटावर चढल्या. सुई दिली ती रोजच्यासारखीच, थोडं औषध, मग थांबायचं, मग पुन्हा थोडं. मध्येमध्ये आपलं बोलणं चालूच. "गुरुजी, तोंडाला चव कशी लागतेय?"

"तांब्याच्या पळीनं तीर्थ घ्यावं तशी," गुरुजी म्हणाले. "उपाशीपोटी बरी लागते."

कांता सिस्टर फसकन हसली. बाई हसल्या नाहीत. हातातली सुई खाली.

"कानात?"

"घंटा… देवळातली…" आणि गुरुजींचे डोळे फिरले. अंग ताठ झालं, हातपाय झाडायला लागले.

"मामा, लाल गाडी!"

मी कापड ओढलं. खाली पट्ट्या, कापूस, आयोडीन. बाईंनी बघितलं. त्या वेळची बाईंची नजर मला लिहिता येत नाही, आणि येत असती तरी लिहिली नसती.

"कोठे शे गाडी?"

"खाली. पूजेत."

"तिसरा खण! पय!"

जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला अरेतुरे केलं. मी पळालो. लिफ्ट बंद, माझ्याच हातानं बंद. दोन मजले, चव्वेचाळीस पायऱ्या, माझे गुडघे तेव्हाच साठी ओलांडलेले. खाली पोचलो तर गाडी आपली हार घालून नवरीसारखी बसलेली. सात फेरे, गच्च गाठी. नखानं सुटेनात. आणि मी थांबलो. खोटं कशाला लिहू, क्षणभर थांबलो. पूजेला बसवलेलं मोडायचं, तेही गुरुजींनी बसवलेलं! वरून कांता सिस्टरची आरोळी आली, मंगळवारच्या सवयीनं, "एक मिनिट!"

मी धागा दातांनी तोडला. नारळ एकीकडं, कलश दुसरीकडं, पाणी सगळीकडं. खण अख्खाच उपसला, छातीशी धरला आणि चव्वेचाळीस पायऱ्या चढलो. मागून मावशी ओरडत होत्या, "अहो मामा, हार!" हार माझ्याच गळ्यात अडकला होता.

वर बाई पाटावर, गुरुजींच्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा दाबून. झटके थांबवायचं औषध त्यांच्या हाताशी असायचं, ते दिलेलं. हातपाय शांत होते, पण मशीनवरचा ठोका टांग्याचं घोडं फरशीवर घसरावं तसा, मध्येच पळे, मध्येच थांबे. मोठे डॉक्टर छाती दाबायच्या तयारीत उभे. मी कुंकू लागलेली बाटली पुढं केली. बाईंनी कुंकवाकडं बघितलंही नाही. सिस्टर मोठ्या सिरींजमध्ये पांढरं ओढतेय, बाई ढकलतायत, पुन्हा ओढतेय, पुन्हा ढकलतायत. उरलेलं सलाईनसारखं लावलं. मी बाटली धरून उभा. घोडं घसरलं, सावरलं, पुन्हा घसरलं. मग दोन पावलं नीट पडली. मग चार. मग चाललं की हो! रस्त्याला लागलं!

बाई मात्र मशीनवरून नजर काढेनात. बऱ्याच वेळानं गुरुजींनी डोळे किलकिले केले. माझ्या गळ्यातला झेंडूचा हार बघितला, खालून वरपर्यंत मला न्याहाळलं आणि मुखवट्यातून पुटपुटले, "उत्तरपूजा… कोणी केली?"

"मी," बाई म्हणाल्या. "जरा घाईत झाली."

कांता सिस्टर भिंतीला टेकून खाली बसली ती हसतच, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. मोठे डॉक्टर खो खो हसत होते. सगळे हसत होते, मी सोडून.

गुरुजींना आमच्या अतिदक्षतेच्या खोलीत हलवलं. बाईंनी बाकीच्या दवाखान्यांना फोन करून सांगितलं, आज येत नाही. मी जिन्यात बसलो होतो. त्या शेजारी येऊन बसल्या, मूठभर शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले.

"मामा, काकूंना सांगायला जायचंय. सुई मी दिली, ते मी सांगणार. गाडी जागेवर नव्हती आणि मी कापड उचलून बघितलं नाही, तेही सांगणार. ती कुणी हलवली ते सांगणार नाही. ते ज्यानं हलवली त्यानं बघावं."

"मी कशाला सांगू? वाचले ना ते?"

"वाचले," म्हणाल्या आणि शेंगदाणे खात बसल्या. उठेनात. ओरडल्या असत्या तर मी चार शब्द सुनावले असते, चाळीस वर्षांची नोकरी आहे म्हणालो असतो. पण त्या नुसत्या शेंगदाणे खात होत्या. शेवटी मीच उठलो.

काकूंना मी सगळं सांगितलं, उभ्यानं, कापडासकट. काकू माझ्याकडं बघत राहिल्या. "मामा, ते गेले असते तर?" म्हणाल्या. मग त्या खोलीत गेल्या आणि बाहेर आम्हाला ऐकू आलं, "तुम्हाला कुणी सांगितली होती हो नसती हौस? दवाखान्यात हात दाखवायला आलात की भिक्षुकी करायला?"

पण काम संपलेलं नव्हतं. पू हातातच होता. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सकाळी, गुरुजींच्या मनगटापासून कोपरापर्यंत लाल रेघ चढलेली, अंगात ताप. आता थांबलं तर हात जाणार, कदाचित हातावर भागणारही नाही. आणि गुरुजी अडून बसले.

"हात गेला तरी चालेल. भूल नको."

मोठे डॉक्टर समजावून थकले. काकू रडल्या, मग रागावल्या, मग परत रडल्या. बाईंनी खुर्ची ओढली. "गुरुजी, या वेळी खांद्यापाशी सुई नाही. सरळ झोपवीन, दुसरं औषध. पण तुम्ही हो म्हणाल तरच. बोला, काय केलं तर हो म्हणाल?"

"एक खरं सांगा. काल तुम्ही घाबरलात?"

"लय," बाई म्हणाल्या. "अजून हात थरथरतायत, हे बघा."

गुरुजींनी त्या हातांकडं बघितलं. "मग ठीक आहे. काही नाही, काही नाही म्हणणाऱ्यांकडून मी सत्यनारायणसुद्धा सांगून घेणार नाही. पण आधी उत्तरपूजा. रीतसर."

मी गाडी त्यांच्या खाटेपाशी आणली. तिसऱ्या खणात नव्या बाटल्या आलेल्या. मंत्र गुरुजींचे, अक्षता माझ्या हातानं. शेवटाला आले आणि म्हणाले, "पुनरागमनाय च…"

"अहो नको, नको!" बाई खुर्चीवरून उडाल्या. "तेवढं सोडून म्हणा! परत कशाला बोलावताय?"

गुरुजी इतके हसले की खोकला आला. हसतहसतच म्हणाले, "न्या मला. हसू आवरायच्या आत न्या."

गाडी आधी वर गेली. बाईंनी चारही खण स्वतः उघडले, एकेक वस्तू हातात घेतली, मग मलाही उघडायला लावले. मग गुरुजी. मी दाराबाहेर उभा राहिलो आणि सबंध वेळ मशीनचा ठोका मोजत होतो. एकही चुकला नाही. पू निघाला, वाटीभर. शुद्धीवर आल्यावर गुरुजींनी पट्टीतून बाहेर दिसणारी बोटं एकेक करून हलवली. पाचही हलली. काकूंनी ती दोनदा मोजली.

त्यानंतर दोनच दिवसांनी माझे गुडघे असे सुजले की मी महिनाभर गावाला पडून होतो. परत आलो तर बाई गेलेल्या. सुरगाण्याकडं सरकारी दवाखान्यात, जिथं भूल द्यायला कुणी नव्हतं म्हणून बाळंतिणींना गाडीत घालून नाशिकला आणावं लागायचं. सांगून गेल्या नाहीत म्हणून मी रागावलो, अजून आहे. फोन येतो त्यांचा, गुडघे कसे विचारतात. पण डोळ्यांनी बघितलं ते त्या दसऱ्यालाच शेवटचं.

दुपारचे तीन वाजले असतील. गुरुजींना खाली खोलीत आणून ठेवलं होतं. बाई फाटकातून स्कूटर काढत होत्या आणि गल्लीत देवीची विसर्जनाची मिरवणूक घुसली. पुढं ढोल, वीसेक तरी असतील. खिडक्यांच्या काचा थरथरायला लागल्या. स्कूटर पुढं जाईना, मागं येईना. बाईंनी दोनदा हॉर्न वाजवला, तो कुणाला ऐकू जाणार? मी फाटकाच्या आत उभा होतो. बाईंनी स्कूटर स्टँडला लावली. पदर खोचलेलाच होता. आणि ती साडेचार फुटाची बाई धावायच्या बुटांनिशी ढोलांच्या बरोबर मध्ये शिरली आणि नाचायला लागली.

नाच म्हणजे काय! ताल एक, बाई भलतीकडं. दोन्ही हात वर, डोळे मिटलेले, अंबाडा सुटलेला. ढोलवाले आधी बिचकले, मग त्यांना चेव आला. त्यांनी बाईंभोवती गोल केला. काकू फाटकापाशी उभ्या होत्या. मंडळातल्या एका बाईनं त्यांना ओरडून विचारलं, "या कोण हो? कोणत्या मंडळाच्या?"

काकूंनी तिच्याकडं बघितलंही नाही. नजर बाईंवरच.

"आमच्याकडच्या," त्या म्हणाल्या. चपला फाटकातच काढल्या आणि त्याही आत शिरल्या.